दहातले आठ रिकामे

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, धुलाईखान्याच्या डोक्यावर जी प्रयोगशाळा आहे, तिथे तिला सगळे कंजूषताई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. एरवी बाई हाताची मोकळी. कोणाच्या घरी आजारपण निघालं तर त्याचं काम स्वतःच्या अंगावर घेणारी, डब्यातलं अर्धं वाटून टाकणारी. पण डीएनएची नळी हातात आली की हिचा हात असा आखडायचा की बघणाऱ्याला चीड यावी. "अजून अर्धा थेंब घाल की गं, तुझ्या बापाचं काय जातंय?" असं यंत्र चालवणारा सोबती तिला वीस वर्षं म्हणत आला होता. ती वीस वर्षं "जातं" एवढंच उत्तर देत आली होती.

काय जातं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माणसाच्या रक्तातून डीएनए काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ठरलेल्या शेपट्या जोडायच्या. यंत्राला हे तुकडे वाचायचे असतात, पण एकटा तुकडा इतका बारीक की यंत्राला तो दिसतच नाही. त्याच्या लाखो नकला एका जागी लागतात. त्यासाठी धुळीच्या कणांसारखे मणी असतात आणि त्या मण्यांवर तुकड्याची शेपटी धरून ठेवणारे आखूड धागे. मणी, तुकडे आणि नकला काढणारी रसायनं पाण्यात कालवायची, ते पाणी तेलात ओतायचं आणि दणकून घुसळायचं. दुधासारखं पांढरं मिश्रण होतं. त्यात पाण्याचे लक्षावधी थेंब असतात, प्रत्येकाभोवती तेल, म्हणजे प्रत्येक थेंब ही दार लावून घेतलेली खोली. खोलीत एक मणी आणि एक तुकडा सापडला की काम जमलं. मग सगळं गरम करायचं, थंड करायचं, पुन्हा गरम, पुन्हा थंड, असं पन्नासेक वेळा. दर फेरीला नकला वाढत जातात आणि शेवटी मण्यावर त्या एकाच तुकड्याचं रान माजतं. मग थेंब फोडायचे, मणी धुऊन घ्यायचे आणि यंत्राच्या स्वाधीन करायचे.

गोम अशी की कुठल्या खोलीत किती तुकडे शिरतील हे कोणाच्याच हातात नसतं. एका खोलीत दोन निराळे तुकडे शिरले तर मण्यावर दोघांच्याही नकला चढतात, आणि यंत्राला दोन माणसं एकदम बोलताना ऐकल्यासारखं होतं. असला मणी ते बाद करतं. दोघांना एका खोलीत शिरू द्यायचं नसेल तर उपाय एकच. तुकडे इतके कमी घालायचे की बहुतेक खोल्यांत कोणीच जाणार नाही. ज्यांत जाईल, त्यांत मग बहुधा एकटाच असेल. दहा मण्यांतले आठ रिकामे परत यायला हवेत. कामाला लागलेल्या प्रत्येकाला ताई पहिल्याच दिवशी सांगायची, "भरलेले मणी बघून हुरळून जाऊ नका. रिकामे मोजा. रिकामे कमी निघाले की समजा, काम बोंबललं."

ऐकणारे हसायचे. रिकाम्यावर इतका जीव टाकणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

घरी ती एकटीच. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. आई तर त्याच्याही आधी गेली होती आणि मागे तेरा वर्षांनी धाकटी असलेली बहीण ठेवून गेली होती. त्या बहिणीची वेणी घालण्यापासून तिला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. धाकटीचा नवरा शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. माणूस अबोल, पण बायकोला फुलासारखं जपणारा. लग्नाला चार वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली आणि तिच्या गोल, लाकडी बाहुलीसारख्या चेहऱ्यामुळे सगळे तिला ठकू म्हणू लागले. ताई कामावरून परस्पर तिकडेच जायची आणि ठकूला मांडीवर घेऊन बसायची. ऊठ म्हटलं तरी उठायची नाही.

ठकूने वेळेवर मान धरली, वेळेवर कुशीवर वळली. सहावा महिना संपता संपता तिने धरलेली मान सोडली. मग हात गळाले, मग पाय, मग दूध गिळणं. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले. शेवटी जनुकांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्तातच काहीतरी चूक आहे, ती शोधू. ते रक्त ताईकडेच आलं. तिने स्वतः तुकडे केले, स्वतः शेपट्या जोडल्या, नळीवर स्वतःच्या अक्षरात तारीख घातली. आता मण्यांवर चढवायचं तेवढं बाकी होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात यंत्र बंद पडलं. त्याचा एक भाग बाहेरून मागवावा लागला. तो यायला तीन आठवडे लागले. ठकू तेवढी थांबली नाही. चौदा महिन्यांची होऊन गेली.

ताईने विचारलं, "यंत्र सुरू झालंय. लावू का?"

"आता कळून काय करायचंय?" धाकटी म्हणाली. "ती आहे का? राहू दे."

राहू दिलं. पण नळी टाकून देणं ताईच्या हातून होईना. पाच वर्षांनी जुने नमुने नष्ट करायचे असा नियम होता. तिने तो धाब्यावर बसवला. गोठणपेटीच्या सगळ्यात खालच्या खणात, मागच्या कोपऱ्यात तिने नळी ठेवली, आणि एकदा पेटी बंद पडली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून तळघरातल्या दुसऱ्या पेटीपर्यंत बर्फाचा डबा पोटाशी धरून गेली. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. दरवर्षी चिठ्ठीचं अक्षर पुसट झालं की ती नवी चिठ्ठी लावायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि त्यांचं फारसं चुकलंही नसतं.

सात वर्षं गेली. एकोणचाळिसाव्या वर्षी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, धाकटीला पुन्हा दिवस राहिले.

डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोचं रक्त तपासलं. दोघांच्याही जनुकांत शंका घ्याव्यात अशा पुष्कळ जागा निघाल्या. त्यातल्या नेमक्या कुठल्या दोन चुका मिळून ठकूला भोवल्या, हे फक्त ठकूच्याच रक्तातून कळणार होतं. "अठराव्या आठवड्याच्या आत मला ते सांगा," बाई म्हणाल्या, "म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी घेऊन याला ती चूक आहे की नाही हे बघता येईल. नाहीतर जन्मल्यावर वाट बघायची."

वाट बघायची म्हणजे काय ते धाकटीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती ताईच्या घरी आली, दारातच बसली. "ताई, काहीही निघू दे. हो निघू दे, नाही निघू दे. पण मला आधी कळू दे. पुन्हा सहा महिने रोज उठून मान बघायची, हे माझ्याच्यानं होणार नाही गं. मी मरेन."

तेव्हा ताईने तिला नळीचं सांगितलं. धाकटीने ताईचे हात धरले आणि त्यांवर कपाळ टेकलं.

आता अडचणी ऐका. ते जुनं यंत्र केव्हाच कोपऱ्यात गेलं होतं, त्यावर फायली ठेवत. नव्या यंत्राला मणी नको, तेल नको, ताईही नको. मोठ्या शहरातल्या केंद्राला तिने पत्र घातलं. उत्तर आलं की तुमच्या तुकड्यांच्या शेपट्या आमच्या यंत्राला चालत नाहीत, आणि इतक्या थोड्या मालात शेपट्या बदलायला गेलो तर सगळंच हातचं जाईल, ताजं रक्त पाठवा. ताजं रक्त! ताईने ते पत्र चार घड्या करून कचऱ्यात टाकलं. म्हणजे जे व्हायचं ते याच खोलीत, याच यंत्रावर. यंत्र चालवणाऱ्याने फायली उतरवल्या, दोन दिवस खटपट करून ते जागं केलं. तेल मात्र मिळेना. करणाऱ्या कंपनीने ते बनवणंच थांबवलं होतं. कपाटाच्या तळाशी एका खोक्यात एका वेळेपुरतं निघालं, चार महिन्यांपूर्वी मुदत संपलेलं.

एका वेळेपुरतं. इथेच खरी मेख होती. एरवी ताई नेमकं किती घालायचं ते आधी चाखून बघायची. म्हणजे चार छोट्या नळ्यांत चार निरनिराळी मापं घालून कुठे किती मणी भरतात ते मोजायची, आणि मगच खरं काम करायची. आता चाखायला तेल नव्हतं. अंदाजानेच घालायचं होतं, आणि अंदाज चुकला तर दुसरी खेप नव्हती.

धाकटीला सोळावा आठवडा लागला त्या दिवशी सकाळी अकराला ती कामाला बसली. नळी वितळवली. मोजणीच्या यंत्रावर ठेवली. नळीत नऊ मापं माल होता, आणि तिच्या रोजच्या हिशेबाने दोन घालायची होती. दोन, बस. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

पण मोजणीचं यंत्र धड तुकडे आणि मोडके तुकडे असा भेद करत नाही, सगळेच मोजतं. ताईच्या मनात आलं, सात वर्षं झाली. पेटी एकदा बंद पडली होती. यातले निम्मे तरी मोडले असतील, आणि मोडक्यांच्या नकला निघत नाहीत. म्हणून तिने दोनची चार केली. इथपर्यंत तिला कोणी दोष देऊ नये, कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

मग तिने नळी उजेडात धरली. तळाशी पाच मापं उरली होती, डोळ्याला दिसली न दिसली अशी. तेल तर संपलं. मग हे कोणासाठी ठेवायचं? आणि निम्म्याच्या जागी सगळेच मोडले असले तर? आयुष्यभर जिने रिकामे मणी मोजून समाधानाने मान डोलावली, तिला त्या दिवशी रिकाम्याची भीती वाटली. प्रत्येक रिकामी खोली म्हणजे ठकू नसलेली खोली, असं काहीतरी तिच्या डोक्यात शिरलं. ते खरं नव्हतं, ते खरं नाही हे तिलाच सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण हात पुढे गेला. तिने उरलेली पाचही मापं घातली, वर नळी पाण्याने विसळून तेही घातलं. मग तेलात ओतलं, घुसळलं. छान पांढरं दाट झालं. एक थेंब काचेवर घेऊन तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. खोल्या गोल, सारख्या, एकही फुटलेली नाही. हात अजून तसाच आहे, असं तिला वाटलं. दुपारभर ते गरम-थंड होत राहिलं आणि ती स्टूल ओढून शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थेंब फोडले, तेल धुऊन काढलं. आता शेवटची चाळणी. चुंबक लावायचं, भरलेले मणी त्याला धरून राहतात आणि रिकामे पाण्याबरोबर वाहून जातात. एरवी वाहून जाणारं पाणी गढूळ असायचं आणि नळीच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उरायचा.

त्या दिवशी पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. आणि तळाशी मिरीच्या दाण्याएवढा गोळा बसला होता.

"अगं, ढीग आलाय!" यंत्र चालवणारा मागून वाकून बघत म्हणाला. "जुना माल, जुना माल म्हणून जीव टाकत होतीस. नशीब काढलंस की!"

ताईने वाहून गेलेले आणि तळाशी उरलेले असे सगळे मणी मोजायला घेतले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. दहातले नऊ भरलेले होते.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. लाव यंत्राला."

यंत्राने दिवसभर वाचलं आणि सकाळी निकाल कागदावर आला. बाद, बाद, बाद. जिकडे तिकडे दोघंतिघं एकदम बोलत होते. एकेकटे सुटलेले मणी इतके थोडे की ज्या जागा बघायच्या होत्या त्यांतल्या बऱ्याच जागी काहीच नव्हतं, आणि उरलेल्या जागी एकेक-दोनदोन वाचनं, तीही एकमेकांशी न जुळणारी. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "यावर मी पोटात सुई घालून पाणी काढायला सांगू शकत नाही. कुठली चूक शोधायची तेच ठाऊक नाही."

पण त्या कागदात आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त ताईला वाचता येत होती. जे थोडे मणी एकटे सुटले होते, त्यांच्यावरचे तुकडे लांब होते. टोकं धड, मधे कुठे खंड नाही. काल केल्यासारखे. ठकूचा डीएनए सात वर्षांत कणभरही मोडला नव्हता. ताईने तो तितक्या निगुतीने ठेवला होता. दोन मापं घातली असती तर पोरगी स्वच्छ बोलली असती, आणि सात मापं मागे उरली असती.

विभागप्रमुख भला माणूस. तो म्हणाला, "सात वर्षांचा नमुना, मुदत गेलेलं तेल. खराब होणारच. मी तसंच लिहितो, तू जिवाला लावून घेऊ नकोस." त्याने तसंच लिहिलं. ताईने तो कागद हातात घेतला आणि तोंडातून ब्र काढला नाही. तिला कोणी विचारणार नव्हतं. जगात दुसऱ्या कोणालाही हे कळणार नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत तिला खोटं बोलायची गरज पडली नव्हती, आणि आता तर बोलावंही लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहिलं की भागत होतं.

ती दुपारी शिंप्याच्या दुकानाशी पोचली. मेहुणा गळ्यात फीत घालून कापड बेतत होता. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि कात्री खाली ठेवली. जिन्याच्या तोंडाशी ठेवलेलं खोकं बाजूला ओढून तिला वाट करून दिली.

वर धाकटी खिडकीशी बसून सदऱ्यांना बटणं लावत होती. ताईने कागद पुढे केला. धाकटीने तो वाचला, घडी घातली, सुईच्या डबीखाली ठेवला.

"जुना होता ना नमुना," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मला वाटलंच होतं. तू तरी काय करणार? इतकी वर्षं ठेवलास हेच खूप झालं. बस, चहा टाकते."

ताई बसली नाही. हा कागद, ही समजूत, हा चहा, सगळं घेऊन घरी जाता आलं असतं. पण धाकटी तिची समजूत घालत होती, आणि तेच तिच्याच्यानं सोसवेना.

"जुना होता, पण खराब नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चांगला होता. मी जास्त घातला. भीती वाटली म्हणून सगळा घातला. दोन मापं घालायची होती, नऊ घातली. त्यामुळे वाया गेलं. तेलाचा दोष नाही की वर्षांचा नाही. माझा आहे."

धाकटीने सुई सदऱ्यात खोचून ठेवली.

"म्हणजे ठकू धड होती?"

"हो."

"सात वर्षं?"

"ठेवली तशी होती."

"आणि आता?"

"आता काही उरलं नाही."

खाली शिवणयंत्र सुरू झालं आणि लगेच थांबलं. धाकटी ताईकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर ताईला बरं वाटलं असतं.

"तुला तिथे सगळे कंजूष म्हणतात ना गं ताई?" ती म्हणाली. "लोकांच्या पोरांच्या वेळी अर्धा थेंब घालायचा तर दहादा विचार करतेस. माझीच तेवढी ओतलीस?"

ताईला सांगायचं होतं की लोकांच्या पोरांना तिने कधी मांडीवर घेतलं नव्हतं. पण ते कारण होतं, उत्तर नव्हतं, आणि या खोलीत त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

"बरं, मोजण्यात तू हुशार," धाकटी म्हणाली. "मला एवढं मोजून सांग. आता किती दिवस?"

ताईने मोजलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून अगदी नीट मोजलं.

"जन्माला चोवीस आठवडे," ती म्हणाली. "मग पुढे सहा महिने."

"मान सोडते की नाही ते बघायला."

"हो."

धाकटीने सदऱ्यातली सुई काढली, दोरा उजेडात धरून ओवला आणि पुढचं बटण लावायला घेतलं.